संगणकाच्या फडालाही पाटकरी हवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या संगणकप्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला. वरवर पाहता ही एका परदेशी कंपनीच्या व्यवहारातील तारीख. परंतु तिचा हिशेब जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांपर्यंत आणि लहानमोठ्या कार्यालयांतील टेबलांपर्यंत येऊन पोहोचला आहे. विंडोज ११ ला ठरावीक सुरक्षा-चिप आणि अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांपूर्वी घेतलेली यंत्रे या कसोटीला उतरत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पडदा स्वच्छ आहे, कळफलक शाबूत आहे. परंतु त्याची डागडुजी करणारा कारागीर गाव सोडून गेला, अशी ही अवस्था आहे.

अशा संस्थांपुढे वाटा तीन. नवी यंत्रे खरेदी करावीत, हा पहिला मार्ग. त्याला पैसा नाही. आहे ते तसेच चालू ठेवावे, हा दुसरा. त्यात विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि कार्यालयाची कागदपत्रे उघड्यावर ठेवल्यासारखे होते. मुदतवाढीची सोय आहे, पण ती तात्पुरतीच. तिसरा मार्ग लिनक्सचा. ही मुक्त संगणकप्रणाली जुन्या यंत्रांवरही नीट चालते आणि तिला परवान्याचे मूल्य पडत नाही. खानदेशातील संस्थांनी हा तिसरा मार्ग धरावा, हे म्हणणे रास्तच आहे. मात्र ‘मूल्य पडत नाही’ याचा अर्थ ‘खर्च येत नाही’ असा घेतला, तर वर्ष-सहा महिन्यांत त्या प्रयोगशाळेला कुलूप लागेल आणि दोष लिनक्सच्या माथी मारला जाईल. तो खर्च कशाचा, हे समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. पांझरेच्या काठावर गेले तरी पुरे.

एक पाट, एक पीक

धुळे जिल्ह्यातील फड पद्धती अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. पांझरेसारख्या नदीवर बंधारा घालून पाणी पाटात वळवायचे, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यायचे, ही रीत या भागात काही शतके चालत आली. कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात भुसार आणि कोणता फड पडीक, हे शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचे. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, राखणीचे जागल्याचे. आणि त्यांच्या मेहनतान्याचा भार सर्वांनी मिळून उचलायचा.

एका फडात एकच पीक का? कारण पाणी एका पाटाने येते. भुसाराच्या फडात एकाने हट्टाने ऊस लावला, तर त्याच्या एका तुकड्यासाठी चारीला बारमाही पाणी सोडावे लागेल. आणि शेजाऱ्याचे कापणीला आलेले धान्य चिखलात उभे राहील. ऊस हे वाईट पीक नव्हे. शेजाऱ्याची बाजरीही वाईट नव्हे. दोन्ही चांगली, पण एका पाटावर एकाच वेळी दोन वेळापत्रके चालत नाहीत. जेथे साधन सामायिक असते, तेथे एकाची निवड ही केवळ त्याची राहत नाही.

संगणकाच्या पोटात नेमका हाच व्यवहार चालतो. पत्र लिहिण्याचा, हिशेबाचा, चित्र पाहण्याचा असे कितीही कार्यक्रम असले, तरी फाइल उघडणे, अक्षर काढणे, गुप्त संदेश बांधणे ही कामे त्या प्रत्येकाला लागतात. ही कामे प्रत्येक कार्यक्रमाने स्वतंत्रपणे लिहून ठेवण्याऐवजी ती एकदाच लिहून सर्वांसाठी एका जागी ठेवली जातात. या सामायिक पुंजीला ‘शेअर्ड लायब्ररी’ म्हणतात. लिनक्समधील जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम ‘ग्लिबसी’ नावाच्या मूळ लायब्ररीवर उभा असतो. गुप्ततेचे काम अनेक कार्यक्रम ‘ओपनएसएसएल’वर सोपवितात. यात जागेची बचत आहेच, पण त्याहून मोठा लाभ दुरुस्तीचा आहे. लायब्ररीतील दोष एकदा दुरुस्त झाला की तिच्यावर विसंबणारे सारे कार्यक्रम एका फेरीत सुरक्षित होतात.

मराठी वाचकाला याचा प्रत्यय आपल्या लिपीतच येतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. दोहोंतला र वेगळ्या रूपाने लिहावा लागतो. हे रूप पडद्यावर ठीक उमटविण्याचे काम लिबरऑफिससारखा कार्यक्रम स्वतः करीत नाही. ते ‘हार्फबझ’ ही लायब्ररी आणि फाँट मिळून करतात. तसेच ‘ॲ’ या अक्षराचे. युनिकोडच्या तक्त्यात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्याआधीचा फाँट ज्या यंत्रावर राहिला, तेथे या अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसते. फाँट बदलला की पत्र, तक्ता आणि प्रश्नपत्रिका या सर्वांतील चौकटी एकदमच भरून निघतात.

दोन भांडारांचे पाणी

लिनक्समध्ये हे कार्यक्रम आणि लायब्रऱ्या बाजारातून सुट्या आणाव्या लागत नाहीत. डेबियन, उबुंटू, फेडोरा अशी लिनक्सची निरनिराळी वितरणे आहेत आणि प्रत्येकाचे स्वतःचे भांडार आहे. १९९३ साली सुरू झालेला डेबियन प्रकल्प स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. त्याची स्थिर आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी तीतील हजारो पॅकेजे एकमेकांशी जुळतात की नाही, हे तपासलेले असते. अमुक कार्यक्रमाला अमुक लायब्ररीची अमुक आवृत्ती हवी, अशा अटी प्रत्येक पॅकेजवर नोंदविलेल्या असतात. भांडार हा एक फड आहे असे म्हटले, तर त्यातील सर्व पॅकेजे एका हंगामात, एका पाण्यावर वाढलेली असतात.

अडचण सुरू होते ती दोन भांडारे एका यंत्रावर आणल्यावर. कल्पना करावी की, एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उबुंटूची २२.०४ ही आवृत्ती बसविलेली आहे. एका प्राध्यापकांना संख्याशास्त्राचा नवा कार्यक्रम हवा आहे आणि तो २४.०४ या पुढच्या आवृत्तीच्या भांडारात दिसतो. कोणी उत्साही विद्यार्थी त्या भांडाराचा पत्ता यंत्राच्या यादीत लिहून टाकतो. आता २२.०४ मधील ग्लिबसी २.३५ ची, आणि २४.०४ मधील पॅकेजे जुळविलेली आहेत २.३९ शी. जुना कार्यक्रम नव्या ग्लिबसीवर सहसा चालतो. नवा कार्यक्रम जुन्या ग्लिबसीवर चालेलच असे नाही. म्हणून नव्या कार्यक्रमाबरोबर नवी ग्लिबसी येऊ पाहते, तिच्यामागून तिच्याशी जुळणारी दुसरी पॅकेजे येतात, आणि जी जुळत नाहीत ती काढून टाकण्याची भली मोठी यादी पडद्यावर उमटते. खाली प्रश्न असतो : पुढे जायचे काय? घाईतला माणूस यादी न वाचता होकार देतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हे घडले, तर त्या होकाराची किंमत तीस विद्यार्थ्यांनी मोजायची.

दुसरा प्रकार याहून अधिक फसवा आहे, कारण त्यात काहीच मोडत नाही. लायब्ररीच्या नावाला जोडलेला आकडा हा एक करार असतो. तो आकडा बदलला नाही तोवर जुने कार्यक्रम बिनदिक्कत चालतील, असे वचन त्यात असते. ओपनएसएसएलने १.१ सोडून ३ हा आकडा घेतला, तेव्हा तो करार नव्याने झाला. आणि २०२२ च्या उबुंटूने जुनी १.१ ही लायब्ररी भांडारातून काढली. आता कार्यालयातील एखादा जुना कार्यक्रम तीच लायब्ररी मागतो. तेव्हा कोणीतरी जुन्या आवृत्तीच्या भांडारातून ती सुटी उचलून आणतो आणि बसवितो. कार्यक्रम चालू लागतो, सर्वांना हायसे वाटते. पण ओपनएसएसएलच्या १.१.१ या मालिकेचा सर्वसाधारण पाठिंबा ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला आहे. आणि जी वस्तू भांडाराच्या वहीत नाही, तिची दुरुस्ती नेहमीच्या अपडेटमधून कधीच येत नाही. पडदा दररोज ‘सर्व अद्ययावत आहे’ असे सांगतो, आणि त्या यंत्रावरील कुलपाचा खटका मात्र झिजलेला असतो.

तिसरी गोष्ट विश्वासाची. पॅकेज बसविताना ते यंत्राच्या सर्वाधिकाराने बसते. म्हणून नवे भांडार जोडणे म्हणजे त्याच्या चालकाला घराची किल्ली देणे होय. आणि ती किल्ली आजच्या एका कार्यक्रमापुरती नसते, तर त्या भांडारातून पुढे येणाऱ्या प्रत्येक अपडेटपुरती असते. अनोळखी माणसाला घराची किल्ली न देणारा गृहस्थ कोठेतरी वाचलेली ओळ यंत्रात उतरवून ती सहज देऊन टाकतो.

ज्याची त्याची विहीर

यावर एक उत्तर हल्ली पुढे केले जाते. सामायिक लायब्ररीची कटकटच नको. प्रत्येक कार्यक्रमाने आपल्याला लागेल ते सर्व आपल्या गाठोड्यात बांधून आणावे. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या पद्धती बऱ्याच अंशी अशाच चालतात. एखाद्याच कार्यक्रमाची नवी आवृत्ती हवी असेल, तर हा उपाय उपयोगी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. बाकीच्या यंत्राला धक्का लागत नाही आणि नको झाल्यास गाठोडे उचलून बाहेर ठेवता येते.

परंतु हाच सर्वसाधारण नियम झाला, तर काय होते हे खानदेशाला सांगावयास नको. पाटाच्या पाण्याची भांडणे नकोत म्हणून ज्याने त्याने आपली विहीर खोदली, मग कूपनलिका घेतली. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच होता. पण सर्वांचे मिळून यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजल खोल खोल गेले. गाठोड्यांचेही तसेच. वीस कार्यक्रमांनी वीस ठिकाणी तीच लायब्ररी आणली, तर तिच्यातील दोष वीस ठिकाणी दुरुस्त व्हावा लागतो, आणि त्या वीसांपैकी किती कर्ते वेळेवर जागे होतील याची हमी कोणी देत नाही. फ्लॅटपॅकने अखेर अनेक कार्यक्रमांसाठी समाईक पाया ठेवलाच, यातच काय ते आले. सामायिकतेतून सुटका नाही. ती नीट चालविणे एवढेच हाती आहे.

पाटकऱ्याचे वेतन

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष जगजाहीर झाला. सर्व्हरच्या स्मृतीतील गुप्त मजकूर त्यातून बाहेरच्यास वाचता येत होता. ज्या यंत्रांवर सामायिक लायब्ररी होती, तेथे एक पॅकेज बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की काम भागले. ज्या कार्यक्रमांनी लायब्ररीची प्रत आपल्या पोटात घेतली होती, त्या प्रत्येकाला वेगळे हुडकावे लागले. पण त्या प्रसंगाने दुसरे एक सत्यही उघडे केले. जगातील व्यापाराचा मोठा भाग जिच्या भरवशावर चालला होता, त्या लायब्ररीला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर इतक्याच होत्या. पाणी सर्वांनी घेतले. पाटकऱ्याला धान्य देण्याची आठवण कोणालाच राहिली नाही.

दहा वर्षांनी, २९ मार्च २०२४ रोजी, असाच प्रसंग अधिक धोकादायक रूपाने समोर आला. ‘एक्सझेड’ या दाब-साठवणीच्या लहानशा लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविलेला आढळला. थकलेल्या एकट्या सांभाळकर्त्याच्या मदतीला आलेल्या आणि दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या सहकाऱ्याच्या नावाने तो घुसविला गेला होता. दूरच्या यंत्रात प्रवेश देणाऱ्या कार्यक्रमाचा या लायब्ररीशी थेट संबंध नव्हता. काही वितरणांत तो दुसऱ्या एका लायब्ररीच्या मार्फत जोडला गेला होता. प्रवेशाला अर्धा सेकंद अधिक का लागतो, या शंकेने आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला म्हणून अनर्थ टळला. या दूषित आवृत्त्या डेबियनच्या चाचणी आणि अस्थिर भांडारांत पोहोचल्या होत्या, स्थिर भांडारात नव्हे. म्हणजे ज्यांनी ‘नवे ते बरे’ म्हणून स्थिर यंत्राला अस्थिर भांडाराची चारी जोडली असेल, त्यांच्या शेतात ते पाणी शिरण्याची वाट मोकळी होती. सबुरीलाही संरक्षणमूल्य असते, हा यातील धडा.

सामायिक साधनाची नासाडी अटळच आहे, असा विचार गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला आणि तो बराच काळ प्रमाण मानला गेला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या पाटांपासून अनेक ठिकाणचे व्यवहार अभ्यासून दाखवून दिले की, तसे अटळ नाही. हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनी ठरविलेले असतील आणि राखणदार त्यांना जबाबदार असेल, तर सामायिक साधन शतकानुशतके टिकते. याच कार्याबद्दल त्यांना २००९ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी हे नियम पुस्तकाशिवाय अमलात आणले होते. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, आणि पाटाची जबाबदारी ‘कोणाची तरी’ झाली, तसतशी ती पद्धत अनेक ठिकाणी क्षीण झाली. प्रयोगशाळेतील संगणकाची जबाबदारी आज अशीच ‘कोणाची तरी’ आहे.

काय करता येईल?

केरळ राज्याने शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची एकच लिनक्स आवृत्ती तयार करून ती सर्वत्र वापरली, आणि शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले. त्या यशाचे मर्म फुकट प्रणालीत नसून एकसूत्रीपणात आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून आहे. संलग्न महाविद्यालयांसाठी दीर्घ पाठिंब्याचे एकच वितरण विद्यापीठाने सुचविले आणि त्याच्या भांडाराची प्रत आपल्या आवारात ठेवली, तर तो तीन जिल्ह्यांचा बंधारा ठरेल. तोवर प्रत्येक महाविद्यालयाला एक सोपी गोष्ट करता येईल. तीस यंत्रांनी तीनशे मेगाबाइटचा अपडेट वेगवेगळा मागविला, तर नऊ हजार मेगाबाइट खर्ची पडतात. एका यंत्राने तो एकदा आणून साठविला आणि बाकीच्यांना वाटला, तर तीनशेत भागते.

नियमही थोडेच पुरेत. एका यंत्रावर एकच मूळ भांडार असावे. बाहेरचे भांडार जोडायचे झाल्यास कारण, तारीख आणि जोडणाऱ्याचे नाव वहीत नोंदवावे. काम झाले की ते काढून टाकावे. नवी आवृत्ती हवीच असेल, तर प्रथम डेबियनच्या ‘बॅकपोर्ट्स’सारख्या, स्थिर लायब्रऱ्यांशी जुळवून बांधलेल्या भांडारात शोधावी, त्याचा अग्रक्रम मुळातच खालचा ठेवलेला असल्याने न मागता तेथून काही येत नाही. तेथे न मिळाल्यास गाठोड्याचा मार्ग आहेच. कोणताही मोठा बदल आधी एका यंत्रावर करून आठवडाभर पाहावा, मग इतरांवर. काढून टाकण्याची यादी वाचल्याखेरीज होकार देऊ नये. आणि परीक्षेच्या आठवड्यात नवे काही बसवू नये. तातडीची सुरक्षा-दुरुस्ती आलीच, तर तीही आधी एका यंत्रावर पारखून घ्यावी.

हे सर्व पाळावयाचे, तर माणूस हवा. आणि येथेच खरा प्रश्न आहे. यंत्रखरेदीसाठी पैसा कसाबसा उभा राहतो, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र निघते. देखभालीचे उद्घाटन होत नाही. म्हणून ते काम एखाद्या तरुण शिक्षकावर किंवा कारकुनावर ‘जरा बघून घ्या’ म्हणून सोपविले जाते. तासिका कमी होत नाहीत, वेतनात भर पडत नाही आणि काही मोडले तर बोल मात्र त्यालाच. हे अन्यायाचे तर आहेच, पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने तोट्याचेही आहे. परवान्यावर वाचलेल्या पैशाचा एक भाग या कामासाठी नियमितपणे राखून ठेवावा आणि ज्याच्याकडे काम आहे त्याला वेळ, मानधन व अधिकार द्यावेत. शिकण्याची सोय नाही, असेही नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतूनही उपलब्ध केले आहेत.

शिस्तीचे नाव काढले की स्वातंत्र्याला बाधा येते, अशी तक्रार होईल. विद्यार्थ्याने आपल्या स्वतःच्या यंत्रावर दहा भांडारे जोडावीत, यंत्र मोडावे, पुन्हा उभे करावे. शिकण्याचा याहून चांगला मार्ग नाही. सामायिक यंत्राची गोष्ट वेगळी. तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी साक्री तालुक्यातून पहिल्या एस. टी. ने येणारी मुलगी बसणार असते, आणि घरी संगणक नसल्याने तिला तो एकच तास मिळणार असतो. तिचे यंत्र सुरू झाले पाहिजे. ते सुरू व्हावे म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी पाटावर फिरून आलेला असावा लागतो, आणि त्या फेरीचा मोबदला संस्थेच्या अंदाजपत्रकात लिहिलेला असावा लागतो.